मागाच्या खोलीतले कागद

आमचे हे कागद टाकत नाहीत. म्हणजे अजिबात टाकत नाहीत. लाइटबिल भरलं की पावती तारेला, तार भरली की तारेसकट टॉवेलच्या खोक्यात, खोकं भरलं की सुतळीनं आवळून मागाच्या खोलीत. गॅसच्या पावत्या, कुणाकुणाच्या लग्नपत्रिका, सायकलच्या पंपाचं बिल, सगळं. मिक्सर जळाला, भंगारात गेला, त्याचं वॉरंटी कार्ड मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून सुखात आहे. मी विचारलं, "अहो, मिक्सरच नाही तर ह्या कार्डाची काय पूजा करायची?" तर म्हणाले, "असू दे की. लागतं."

हे 'लागतं' ऐकत ऐकत माझा सगळा संसार झाला.

सोलापूरच्या पूर्व भागात आमच्यासारख्या विणकरांच्या घरात एक खोली मागाची असायचीच. माझ्या सासऱ्यांच्या वेळी आमच्याकडंही माग होते, आणि त्यांची खटखट इतकी की नवी नवरी असताना मला नवऱ्याशी बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागायचं. ती सवय मला तेव्हाच लागली असं हे म्हणतात. पुढं माग विकले. हे टॉवेलच्या कारखान्यात कारकून झाले, माल बाहेर पाठवायचं खातं सांभाळायचे. मी शाळेत मराठी शिकवायची. मागाची खोली रिकामी झाली. रिकामी खोली आणि आमचे हे, मग काय विचारता! आम्ही दोघं रिटायर झालो तेव्हा त्या खोलीचं दार अर्धंच उघडायचं आणि पोट आत घेऊन आडवं होऊनच आत शिरावं लागायचं.

मी चिडायची, आदळआपट करायची, दिवाळीला निर्वाणीचं बोलायची आणि संक्रांतीपर्यंत विसरून जायची. असंच चाललं असतं. पण आमची लेक पोटुशी राहिली.

एकुलती एक लेक. पुण्यात नोकरी करते, सासरही तिथलंच. पाचव्या महिन्यात चार दिवस राहायला आली. आमच्या घरात पुढची खोली, स्वयंपाकघर आणि मागाची खोली, एवढाच पसारा. पुढच्या खोलीत आम्ही दोघं आणि मधे ती. धुळीचं तिला लहानपणापासून वावडं. मागच्या दारानं कुठं वारा आला की त्या खोक्यांची धूळ घरभर. चार दिवस पोरगी नाकाला ओढणी लावून शिंकत होती. पोटाला हात लावून शिंकायची.

निघताना चप्पल घालता घालता म्हणाली, "अम्मा, मी पुण्यातच बाळंत होते. अत्तम्मापण तेच म्हणताहेत." अत्तम्मा म्हणजे तिच्या सासूबाई.

आवाज चढवला नाही, रुसली नाही. भांडली असती तर मी पण भांडले असते. पहिलं बाळंतपण आईच्या घरी, हे आमच्यात कुणी ठरवत नाही, ते असतंच. माझी आई गरीब होती, तरी मला न्यायला आली होती. आणि माझी मुलगी मला सांगत होती की तुझ्या घरात मला जागा नाही. खरंच नव्हती, हे तर आणखी वाईट.

हे तिला स्टेशनवर सोडून आले. रात्री अर्धी भाकरी खाऊन ताट सारलं आणि म्हणाले, "बाळ हितंच झालं पाहिजे."

"कुठं?" मी म्हटलं. "खोक्यावर निजवायचं की तारेला टोचायचं?"

सकाळी उठून त्यांनी लेकीला फोन लावला. फोन स्पीकरवर होता. बापाला ती नायना म्हणते. ती म्हणाली, "नायना, सगळ्याचे फोटो काढून फोनमध्ये ठेवा आणि कागद रद्दीत द्या. आठव्या महिन्यापर्यंत खोली मोकळी झाली तर मी येते. नाही झाली तर नाही येत." बाप म्हणून तिनं काडीची सवलत दिली नाही. माझीच लेक ती.

तर अशी सुरुवात झाली. फोनमध्ये कागद सरळ करून घेणारं एक ॲप तिनं लांबूनच शिकवलं. ह्यांनी अंगणात पाट मांडला, पाटावर माझा काळा परकर अंथरला आणि एकेक खोकं बाहेर काढायला लागले. काम साधं वाटलं होतं. पण आमच्या ह्यांनी आयुष्यभर कागदाची जी काळजी घेतली होती ना, तीच आता आडवी यायला लागली. मार्कशीटं, दाखले, सगळ्याला लॅमिनेशन. फोटो काढला की मधोमध आभाळ चमकतंय आणि नाव गायब. मग माझी छत्री आली. मी छत्री धरून उभी, हे गुडघ्यावर, वरनं ऊन. शेजारची बाई कुंपणावरून विचारते, "टीचर, काय पिक्चरचं शूटिंग चाललंय काय?"

दुसरं म्हणजे कुंकू. दर लक्ष्मीपूजनाला घराची, नोकरीची, शाळेची महत्त्वाची कागदं चौरंगावर मांडून त्यांना हळदीकुंकू वाहायची आमच्या घरची रीत. सासूबाईंचा हात सढळ. इतक्या दिवाळ्या जिरून जिरून घराच्या कागदावर आमच्या सासऱ्यांच्या नावाच्या जागी नुसतं लाल बोट दिसत होतं. ॲप म्हणायचं, कागद सापडत नाही. हे म्हणायचे, "अरे बाबा, समोर हाय की!" फोनशी भांडणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

आणि वाचणं! एक कागद पुसायचा, वाचायचा, मान हलवायची, मग फोटो. गॅसची पावतीसुद्धा. "बघ, त्या वेळी सिलिंडर कितीला होता." मी म्हणायची, "आठवा महिना काय तुमच्या सिलिंडरसाठी थांबणार हाय का?" त्यात नळाला पाणी यायचं त्या दिवशी काम बंद, कारण पाणी भरायचं. लग्नसराईत काम बंद. ऊन कमी पडलं की काम बंद.

आठवडाभरानं लेकीचा फोन आला, तो थेट किंचाळत. "अम्मा, नायना काय करायलेत! बघितलं का तू ग्रुपवर?"

ग्रुप म्हणजे 'घरचे सगळे'. त्यात आमची भावकी, माझं माहेर, जावई, आणि जावयाचे आईवडीलही. मी ह्यांचा फोन उघडला आणि कपाळावर हात मारला. रोज काढलेला प्रत्येक फोटो ह्यांनी ग्रुपवर टाकला होता. पाण्याची बिलं. सायकलच्या पंपाचं बिल. त्यावर माझ्या भावानं हात जोडले होते. एका चुलत दिरानं लाइटबिलाखाली 'हार्दिक अभिनंदन' लिहिलं होतं. आणि त्या सगळ्याच्या मधे, ठळक, सुरेख उजेडात, माझी दहावीची मार्कशीट. गणितात मी काठावर पास. विहीणबाईंनी ती पाहिली होती, कारण त्यांच्या नावापुढं निळी खूण दिसत होती.

"अहो, अक्कल गहाण ठेवली काय!" मी म्हटलं. "सगळ्या जगाला वाटायला ही काय साखरपुड्याची साखर हाय?"

हे चष्मा पुसत म्हणाले, "हे बघ. माल निघाला की चलनाच्या तीन कॉपी करायच्या. एक गिऱ्हाइकाला, एक ड्रायव्हरजवळ, एक ऑफिसात. एकच कॉपी म्हणजे कॉपीच नव्हं. फोन पडला, चोरीला गेला, मग? ग्रुपवर टाकलं की सगळ्यांच्या घरी एकेक राहतंय. ना वाळवी, ना उंदीर. कागद फाडायचा तर त्याला दुसरं घर आधी बघून द्यायला नको का?"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. कारखाना सुटून किती वर्षं झाली, ह्यांची तीन कॉप्यांची खोड सुटली नव्हती. लेकीनं समजावलं, रागावली, शेवटी तडजोड झाली. बँकेचं, आधारचं, घराचं काही ग्रुपवर टाकायचं नाही, टाकलं होतं ते सगळं तिनं बसून पुसायला लावलं. बाकी टाका काय टाकायचं ते. ह्यांना तेवढंच पाहिजे होतं. फोटो ग्रुपवर पोचला की मगच कागद माझ्या हातात फाडायला मिळायचा. मी फाडायला लागले की हे तोंड फिरवायचे.

अर्धी खोली झाली आणि घोडं अडलं. कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीशी हे येऊन बसले आणि तिथंच बसले. आज नको, उद्या करू. उद्या गुडघा दुखतोय. परवा फोन चार्ज नाही. लेकीला सातवा सरत आला होता. पुण्यात तिच्या सासूबाईंनी दवाखान्यात नाव घातल्याचं मला जावयाकडून कळलं. माझा तोल गेला. मी पेटीवर हात आपटून म्हटलं, "तुमच्या कागदांपायी माझी लेक मला परकी होणार. काय हाय त्यात एवढं? सांगा तरी! नाहीतर आत्ता रॉकेल ओतते."

"रॉकेल मिळतंय कुठं आता," म्हणाले. सवयीनं म्हणाले, हसले नाहीत. मग पेटी उघडली.

आत होता त्यांच्या आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, आणि त्याच्या आगेमागे नुसते अर्ज, पोच, स्मरणपत्रं. ही गोष्ट मला अर्धीमुर्धी ठाऊक होती, पण ह्यांनी ती मला कधी बसून सांगितली नव्हती. त्या दिवशी सांगितली. ह्यांचे पणजोबा मागाच्या कामासाठी तेलंगणातून इकडं आले. हाताला काम होतं, पोटाला मिळत होतं, कागद कुणाला हवा होता? ह्यांना दहावीनंतर डिप्लोमाला जायचं होतं. मार्क चांगले होते. खिडकीवरच्या माणसानं विचारलं, तुम्ही इथले कशावरून? घरात तेलुगू बोलता, आडनाव तिकडचं. आजोबा सोलापूरचेच याला पुरावा काय? पुरावा नव्हता. मुदत संपली. आधी घरच्या मागावर, मग कारखान्यात चलनं फाडायला बसले.

"मला त्या माणसाचा राग न्हाई," म्हणाले. "त्याला कागद पाहिजे होता. त्याचं कामच ते. पण मी हितंच जन्मलो, बाप हितंच जन्मला, ह्याच नळावर पाणी भरलं, आणि मला तोंड उघडून सांगता येईना की मी हितला हाय. घसा कोरडा पडला बघ."

पुढं लेकीच्या वेळी जात पडताळणीचा प्रश्न आला तेव्हा ह्यांनी शाळांचे उंबरे झिजवले. एका पडक्या शाळेच्या रजिस्टरात आजोबांचं नाव सापडलं. तो हा दाखला. लेक इंजिनियर झाली ती त्याच्यावर. मग चुलत भावाचा मुलगा, आतेबहिणीची मुलगी, भावकीतलं जे ते ह्यांच्या दारात, "काका, कॉपी द्या की." हे द्यायचे. चहा पाजून द्यायचे. आणि मी बावळट, आत भांडी आपटत म्हणायची, रिकामटेकडे धंदे!

मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. मिक्सरचं कार्ड का ठेवलं होतं ते मला कळलं. एकदा कागदावाचून घसा कोरडा पडलेल्या माणसाला कुठला कागद लागेल आणि कुठला नाही हे सांगता येत नाही, म्हणून तो सगळेच ठेवतो. मी म्हटलं, "ही पेटी राहू दे. हिला मी हात लावत नाही."

म्हणाले, "नको. काढ फोटो. बाळ पुण्यात जन्मलं तर बाळाच्या दाखल्यावर पुणं येणार, आपलं सोलापूर कुठंच न्हाई. मग त्याला कुणी विचारलं, तू कुठला, तर ते पण असंच गप्प बसणार. आधी खोली."

मग छत्री त्यांनी धरली, फोटो मी काढले. दाखल्यांचे मूळ कागद तेवढे एका पिशवीत ठेवले. ती पिशवी उशाला घेऊन निजा म्हटलं, माझी हरकत नाही. बाकी सगळं गेलं. त्या दिवसांत ग्रुपवर लेकीच्या लहानपणचं निघत होतं. बालवाडीची हजेरी, लसीचं कार्ड, चित्रकलेच्या परीक्षेत नापास झाल्याचा कागद, शाळेत दात पडल्याची बाईंची चिठ्ठी. ह्यांनी प्रत्येक फोटोखाली लिहायला सुरुवात केली. 'ह्या दिवशी फार रडली होती. मी कारखान्यातून लौकर आलो होतो.' तोंडानं चार शब्द न बोलणारा माणूस, पण बोटानं बरंच लिहायला लागला.

एका दुपारी विहीणबाईंचा फोन आला. मी पदर सारखा करून बसले. म्हटलं, आता माझ्या गणितावरून ऐकावं लागणार. लग्नात मानपानावरून त्यांनी मला दोन दिवस तोंड दाखवलं नव्हतं, ते मी विसरले नव्हते.

त्या म्हणाल्या, "वहिनी, एक सांगते, रागावू नका. तुमची पोरगी रोज संध्याकाळी फोन घेऊन खिडकीत बसते. नायनांनी आज काय टाकलं म्हणून. परवा हसता हसता रडायला लागली. मी इथं तिला काजूबदाम देते, दवाखाना चांगला आहे, सगळं आहे. पण तिचं मन तिकडं जाऊन बसलंय. असं झुरत झुरत लेकरू पोटात नसतं वाढवायचं. खोली झाली का हो?"

"होत आली," मी म्हटलं.

"मग घेऊन जा तिला. दवाखान्यातलं नाव मी काढते. आणि हो, गणिताचं काही मनाला लावून घेऊ नका. माझी तर दहावीच राहिली."

मी म्हटलं, "तुम्ही पण या की बारशाला, शेंगाचटणी करून ठेवते." दुसरं काही सुचलंच नाही. फोन ठेवला आणि मी ढसाढसा रडले. त्या बाईबद्दल मी मनात काय काय धरून ठेवलं होतं, ते त्या खोक्यांपेक्षा कमी नव्हतं.

रद्दीवाला मोमीनपुऱ्याकडून हातगाडी घेऊन आला. दोन खेपा झाल्या. "क्या भाभी, पूरा दफ्तर खाली कर दिये क्या?" म्हणाला. हे दारात उभं राहून गाडी वळेपर्यंत बघत राहिले. मग आत आले, बादलीत चुना कालवला आणि खोली रंगवायला घेतली. मी जमीन घासली. माग रोवायला केलेले खड्डे कधीच बुजवले होते, तरी त्या जागी फरशी थोडी खाली दबलेली होती. त्यावर आम्ही पलंग लावला.

लेक आली. दारात थांबून तिनं आधी नाकानं हुंगलं. मग आत जाऊन भिंतीला हात लावला, चुना हाताला लागला, आणि ती पलंगावर आडवी झाली ती तिन्हीसांजेपर्यंत झोपली. एक शिंक नाही. हे दाराबाहेर खुर्ची टाकून बसले, कुणी आवाज करू नये म्हणून. भाजीवाल्यालासुद्धा हातानं गप्प केलं.

मुलगी झाली. इथंच, आमच्या घरापासून रिक्षानं थोड्या अंतरावर असलेल्या दवाखान्यात, नीट, वेळेवर. घरी आणली तेव्हा मुठी आवळलेल्या, कपाळाला आठ्या. विहीणबाई म्हणाल्या, "अगदी आजीवर गेली." मी म्हटलं, "हो, म्हणजे गणित बेताचंच." हसल्या त्या.

जन्माच्या दाखल्यासाठी हे महापालिकेत जायला निघाले तर जावई म्हणाले, "नायना, जायचं काही नाही, फोनवर येतो." ह्यांना ते पटेना. रोज सकाळी फोन उघडून बघायचे, आला का, आला का. मी म्हणायची, "येईल की, पोरगी पळून चाललीय का?"

आला एकदाचा. मागाच्या खोलीत लेक बाळाला पाजून नुकतीच टेकली होती. मी दुपट्यांच्या घड्या करत होते. हे फोन घेऊन आत आले, उभ्या उभ्या वाचायला लागले. आईचं नाव, बापाचं नाव, तारीख, सगळं बोट लावून. मग एका ओळीपाशी बोट थांबलं. "जन्माचं ठिकाण," मोठ्यानं म्हणाले, "सोलापूर."

दोनदा म्हणाले. मग पलंगापाशी खाली बसले, फोनचा उजेड बाळाच्या तोंडासमोर धरला, आणि आमच्या तेलुगूत तिला म्हणाले, "बघ. तू कुठली म्हणून तुला कुणी विचारणार नाही."

बाळ झोपलेलं. लेकीनं पडल्या पडल्या बापाच्या खांद्यावर हात ठेवला. ह्यांचे खांदे हलत होते.

"अहो, रडताय काय," मी म्हटलं, "लेकरू उठेल की." आणि दुपटं तोंडाला लावून मी भिंतीकडं तोंड केलं.